निवृत्तीचे नाव : पेण-रोहे परिसराच्या संदर्भात स्त्रीजीवनातील एका अवस्थेचा शब्देतिहास

१

मराठी भाषेत स्त्रीच्या ऋतुप्राप्तीसाठी जितके शब्द आहेत तितके ऋतुसमाप्तीसाठी नाहीत. मुलीला न्हाण येते, पदर येतो, ती शहाणी होते, न्हातीधुती होते. त्यानंतर दर महिन्याला ती बाहेरची होते, दूर बसते, तिला कावळा शिवतो, तिला अडचण असते, ती शिवायची नसते. या सर्व प्रयोगांत सूचकता आहे, लज्जा आहे, क्वचित विनोदही आहे. परंतु त्यांची संख्याच सांगते की भाषिक समाजाने या घटनेची दखल घेतली होती. याउलट चाळिशीच्या उत्तरार्धात ही घटना थांबते तेव्हा बोलीभाषेत उरतात ती केवळ काही क्रियापदे : पाळी गेली, विटाळ सरला, बाई सुटली, मोकळी झाली. यांत नाम एकही नाही. 'रजोनिवृत्ती' हे नाम आज पाठ्यपुस्तकांत, वृत्तपत्रांत व दवाखान्यांच्या भिंतींवरील तक्त्यांत दिसते. पण ते संस्कृत घडणीचे असून लेखनातून बोलण्याकडे आले आहे, बोलण्यातून लेखनाकडे गेलेले नाही. शहरी बोलण्यात त्याची जागा 'मेनोपॉज' या परकीय शब्दाने घेतली आहे, हेही त्याच गोष्टीचे लक्षण होय.

एखाद्या अवस्थेला नाव नसणे म्हणजे ती अवस्था नसणे नव्हे. मात्र नाव नसल्यामुळे त्या अवस्थेतील त्रास सांगण्याची, ऐकण्याची आणि नोंदण्याची रीत घडत नाही. पेण व रोहे हे रायगड जिल्ह्यातील (१९८१ पर्यंतच्या कुलाबा जिल्ह्यातील) दोन तालुके डोळ्यांसमोर ठेवून या मौनाचा इतिहास पाहणे, आणि मध्यमवयातील स्त्रीने या संक्रमणाला तोंड कसे दिले याचा भाषेच्या पुराव्यावरून माग घेणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. हा परिसर निवडण्याचे कारण असे की येथे ब्राह्मण, आगरी, कोळी, कुणबी, कातकरी, कोकणी मुसलमान व बेने इस्राएल असे अनेक समाज शतकानुशतके एकाच खाडीपट्टीत नांदले. स्त्रीदेहाविषयीच्या निरनिराळ्या धर्मपरंपरांचे शब्द एकाच मराठीच्या आधाराने वावरलेले असे प्रदेश फार नाहीत.

२

शास्त्रग्रंथांत या अवस्थेची नोंद जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात रज बाराव्या वर्षी सुरू होऊन पन्नासाव्या वर्षी क्षय पावते असे सांगितले आहे, आणि तो क्षय वयाने 'पक्व' झालेल्या शरीराचा धर्म मानला आहे. हा रोग नव्हे, हे त्या मांडणीतच अनुस्यूत आहे. येथे एक भाषिक योग लक्षात घेण्याजोगा आहे. मराठीत प्रौढ, अनुभवी स्त्रीला 'पोक्त बाई' म्हणतात. 'पोक्त' हा शब्द फारसीतील 'पुख्ता' या शब्दावरून आला आहे व त्याचा मूळ अर्थ शिजलेला, पिकलेला असा आहे. फारसीतील हा धातू आणि संस्कृतातील 'पच्' धातू मूळ एकाच कुळातील होत. म्हणजे सुश्रुताचे 'पक्व' शरीर आणि कोकणातील घरची 'पोक्त' बाई हे दोन शब्द एकाच उगमापासून दोन वाटांनी मराठीत येऊन भेटले आहेत. दोन्हींत वयाकडे झीज म्हणून नव्हे, तर परिपाक म्हणून पाहिले आहे.

पन्नास वर्षांची ही मर्यादा पुढे दीर्घकाळ टिकली. केरळातील शबरीमला देवस्थानात दहा ते पन्नास वर्षे वयाच्या स्त्रियांना प्रवेश नाकारण्याची जी रूढी होती, आणि जिच्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली बहुमताने निर्णय दिला (जो पुढे २०१९ साली पुनर्विलोकनाच्या निमित्ताने मोठ्या पीठाच्या विचारार्थ गेला), तिच्यातही वरची मर्यादा हीच आहे. आधुनिक पाहण्यांनुसार भारतीय स्त्रियांची पाळी सरासरीने सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास थांबते; पाश्चात्त्य देशांत ते वय एक्कावन्नच्या आसपास आहे. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे निवृत्ती झाली, असा वैद्यकाचा संकेत आहे. ही निवृत्ती पुढे जाऊन मागे वळून पाहिल्यावरच ओळखता येते. न्हाण येते तो दिवस सांगता येतो. पाळी गेली तो दिवस त्या दिवशी कोणालाच ठाऊक नसतो. ऋतुसमाप्तीला समारंभ नसण्याचे एक साधे कारण येथेही असावे.

'रजोनिवृत्ती' या समासातील 'निवृत्ती'चा विचार येथे केला पाहिजे. 'वृत्' धातूला 'नि' हा उपसर्ग लागून मागे वळणे, आणि त्यावरून थांबणे, असा अर्थविकास झाला. प्रवृत्ती आणि निवृत्ती ही जोडी मराठी संतवाङ्मयात व तत्त्वविचारात सुप्रतिष्ठित आहे. 'सेवानिवृत्ती'मध्ये तीच आधुनिक व्यवहारात उतरली. सुश्रुताचा 'क्षय' शब्द सोडून 'निवृत्ती' स्वीकारल्याने अर्थाची छटा बदलली : क्षय म्हणजे उणेपणा, तर निवृत्ती म्हणजे कार्य पुरे झाल्यावरचे थांबणे. युरोपीय शब्दाचा इतिहास तुलनेने अलीकडचा आहे. शार्ल द गार्दान या फ्रेंच वैद्याने १८१६ साली आणि पुन्हा १८२१ साली, ग्रीक भाषेतील 'महिना' व 'थांबणे' या अर्थांच्या शब्दांवरून तो घडवला. त्यातील महिन्याचा वाचक शब्द आणि आपला 'मास' हेही सगोत्र आहेत. फरक इतकाच की मराठी बोलीने महिन्याऐवजी 'पाळी' पसंत केली. पाळी म्हणजे क्रम, वारी. पाटाच्या पाण्याची पाळी असते, राखणीची पाळी असते आणि मुंबईच्या गिरणीत गेलेल्या कोकणच्या कामगाराची दिवसपाळी किंवा रात्रपाळी असे. पाळी संपली म्हणजे आपला वाटा उचलून झाला, हा ध्वनी त्या शब्दात आपोआप उमटतो.

३

या परिसरातील इतर दोन धर्मपरंपरांचे शब्द तुलनेसाठी घेतले पाहिजेत. बेने इस्राएल लोकांची वस्ती कुलाबा किनाऱ्यावर प्राचीन काळापासून होती. गावांच्या नावांवरून पडलेली त्यांची पेणकर, रोहेकर ही आडनावे त्याची साक्ष देतात. त्यांचा मूळ धंदा तेल गाळण्याचा, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. यहुदी धर्मशास्त्रात रजस्वलेच्या अशौचाचे नियम सविस्तर आहेत. त्याच परंपरेच्या उत्पत्तीच्या ग्रंथात साराच्या वार्धक्याचे वर्णन करताना ऋतुसमाप्तीचा उल्लेख येतो. मूळ हिब्रूत तो 'स्त्रियांची रीत' थांबली अशा आडवळणाने केलेला आहे. आडवळण हे केवळ मराठीचे वैशिष्ट्य नाही, हे यावरून दिसून येते.

कोकणी मुसलमानांच्या धर्मशास्त्रीय परंपरेत मात्र निराळीच संज्ञा आढळते. घटस्फोटानंतरच्या प्रतीक्षाकालाचे, म्हणजे इद्दतीचे, नियम सांगताना कुराणात ज्यांना ऋतूची आशा उरली नाही अशा स्त्रियांसाठी तीन महिन्यांचा काळ ठरविला आहे, कारण त्यांच्या बाबतीत ऋतूंची मोजणी शक्य नसते. त्यावरून अशा स्त्रीला 'आयसा', म्हणजे निराश झालेली, असे म्हणतात. आणि आधुनिक अरबीतही या वयाचे प्रचलित नाव 'निराशेचे वय' असेच आहे. एकाच अवस्थेला एका परंपरेत पक्वता, दुसरीत निवृत्ती आणि तिसरीत निराशा म्हटले गेले. शब्द देहाचे वर्णन करीत नाही, देहाकडे पाहणाऱ्या दृष्टीचे करतो, हे या तीन संज्ञांवरून स्पष्ट होते.

४

हिंदू घरांत या अवस्थेची अप्रत्यक्ष, तरीही एकमेव सामाजिक नोंद ऋषिपंचमीच्या व्रतात सापडते. भाद्रपद शुद्ध पंचमीचे हे व्रत रजस्वलावस्थेत कळत-नकळत झालेल्या स्पर्शदोषाच्या परिहारासाठी सांगितलेले आहे. पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्रेतिहासाच्या व्रतविषयक खंडात त्याची नोंद घेतली आहे. या दिवशी बैलाच्या श्रमाचे अन्न खावयाचे नसते. परसातील भाज्यांची ऋषींची भाजी केली जाते. व्रताच्या कहाणीत विटाळ न पाळल्याने पुढच्या जन्मी कुत्री झालेली आई आणि बैल झालेला बाप स्वतःच्या मुलाच्याच दारी राबतात. पुष्कळ मराठी घरांत पाळी गेल्यावर हे व्रत नियमाने करण्याची व काही वर्षांनी त्याचे उद्यापन करण्याची चाल आहे.

पेण परिसरात या तिथीला एक वेगळे महत्त्व आहे. पेण शहर आणि जवळची हमरापूर, जोहे ही गावे गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी महाराष्ट्रभर ख्यात आहेत. वर्षभर चाललेले काम भाद्रपद शुद्ध चतुर्थीला संपते. आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी ऋषिपंचमी येते. एक हंगाम संपल्याच्या उंबरठ्यावर दुसऱ्या एका समाप्तीचे व्रत उभे राहते. परंतु या व्रताचा अर्थ बारकाईने पाहिला तर त्यात समाप्तीचा गौरव नाही. तीसपस्तीस वर्षांच्या देहधर्माला साठत आलेला दोष समजून त्याचा हिशेब चुकता करणे, असे त्याचे स्वरूप आहे. न्हाण आले म्हणजे पूर्वी मुलीला मखरात बसवीत, तिची ओटी भरीत, गोडधोड करीत. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानंतर आणि विवाहाचे वय वाढत गेल्यानंतर हे सोहळे हळूहळू मागे पडले. आरंभी उत्सव आणि शेवटी प्रायश्चित्त, अशी ही व्यवस्था होती.

तथापि या व्यवस्थेत निवृत्त स्त्रीला काही मिळत असे, हेही मान्य केले पाहिजे. सोवळ्याचा स्वयंपाक, देवपूजा, नैवेद्य, लोणच्याच्या बरण्या आणि पापडाची वाळवणे यांना विटाळ चालत नसे. पेणचे पोहे, पापड आणि मिरगुंडे यांची ख्याती सर्वदूर आहे. विटाळाचा नियम कडक पाळणाऱ्या घरांत अशा साठवणीच्या कामांचे स्वामित्व ज्या बाईला महिन्याच्या चार दिवसांचा व्यत्यय उरला नाही तिच्याकडे स्वाभाविकपणे येई. 'सुटली' आणि 'मोकळी झाली' या क्रियापदांचा अर्थ येथे कळतो : ती देहातून नव्हे, नियमातून सुटत असे. सुईण हीही बहुधा पोक्तच असे. स्वतःची बाळंतपणे संपल्यावर दुसऱ्यांची बाळंतपणे करण्याचा अधिकार तिला येई.

परंतु ही सुटका सर्वांना सारखी नव्हती. जेथे विटाळ कडक, तेथेच सुटका मोठी. खारजमिनीत आवणीला वाकणाऱ्या, मिठागरात राबणाऱ्या किंवा मोळी विकून सायंकाळचा शिधा आणणाऱ्या बाईला महिन्याचे चार दिवस दूर बसणे परवडण्याजोगे नव्हते. त्यामुळे पाळी गेल्याने तिच्या दिनक्रमात मोठी भर पडली नाही की मोठी उणीव झाली नाही. देहाचे फेरफार मात्र तिलाही चुकले नाहीत. विधवेच्या बाबतीत तर भाषाच कठोर होते. 'सोवळी' या शब्दाचा एक अर्थ पवित्र, आणि दुसरा अर्थ केशवपन झालेली विधवा. तिच्या पाळीला प्रजननाचा अर्थ उरलेला नसे, तरी विटाळ मात्र उरे.

विटाळाच्या या कल्पनेला मराठी परंपरेतूनच आव्हान मिळाले होते. तेराव्या शतकात चक्रधरांनी रजःस्राव हा देहाच्या अन्य स्रावांसारखाच मानावा असे शिकविल्याचे महानुभाव परंपरा सांगते. चौदाव्या शतकात चोखामेळ्यांची पत्नी सोयराबाई यांनी, देहच विटाळातून जन्मतो तर निर्मळ कोण उरला, असा प्रश्न आपल्या अभंगांतून उभा केला. विटाळ, शिवाशिव, अस्पर्श हे शब्द जातीच्या आणि ऋतूच्या अशा दोन्ही बहिष्कारांना सामाईक आहेत, हे सोयराबाईंच्या विचारात जितके स्पष्ट आहे तितके नंतरच्या पुष्कळ विद्वत्तेत नाही. याच कुलाबा जिल्ह्यातील महाड येथे १९२७ साली या शब्दाच्या जातीय अर्थाविरुद्ध सत्याग्रह झाला. ऋतुविषयक अर्थ मात्र घराच्या आत राहिला.

५

एकोणिसाव्या शतकातील नवज्ञानाने हे मौन मोडले काय, याचे उत्तर बहुतांशी नकारार्थी आहे. मोल्सवर्थच्या १८३१ च्या व १८५७ मध्ये सुधारून काढलेल्या कोशात विटाळ, न्हाण अशा शब्दांस स्थान मिळाले, ही त्या कोशाची थोरवी होय. परंतु बोलींची जी मोठी पाहणी पुढे झाली तिची रीतच अशी होती की स्त्रीजीवनाचे शब्द तिच्या जाळ्यात सापडू नयेत. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला; त्यात कुलाब्याकडील आगरी बोलीचीही दखल आहे. या सर्वेक्षणात बोलींचे नमुने गोळा करण्यासाठी प्रामुख्याने उधळ्या पुत्राचा दाखला भाषांतरित करून घेतला गेला. त्या कथेत बाप आहे, दोन मुलगे आहेत, चाकर आहेत, पोसलेले वासरू आहे; आई नाही, बहीण नाही, आणि स्त्रियांचा उल्लेख येतो तो केवळ थोरल्या भावाच्या तक्रारीत, दुर्वर्तनाचा पुरावा म्हणून. ज्या कथेत आईच नाही तिच्या भाषांतरातून आईच्या देहाचे शब्द कसे मिळावेत? दोष संकलकांच्या निष्ठेचा नव्हता, साधनाचा होता.

वैद्यकाचीही गोष्ट याहून फार वेगळी नाही. उत्तर कोकणातील कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली अमेरिकेत वैद्यकाची पदवी मिळविली. त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. १८८५ चा डफरिन निधी, १८८६ चे मुंबईतील कामा रुग्णालय, या साऱ्या उपक्रमांचा केंद्रबिंदू बाळंतपण हाच होता. प्रसूतीत मरणाऱ्या स्त्रियांची संख्या पाहता ते योग्यच होते. परंतु त्यामुळे स्त्रीचे आरोग्य म्हणजे मातेचे आरोग्य हे समीकरण दृढ झाले. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली सुरू झालेला कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम आणि १९९७ चा प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रम यांनीही तेच समीकरण पुढे चालविले. आरोग्यसेविकेच्या नोंदवहीत 'पात्र जोडपी' असतात. पत्नीचे वय पन्नासाकडे झुकले की जोडपे नोंदीतून गळते. १९९२-९३ पासून होत आलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्रियांच्या मुख्य मुलाखतीसाठी वरची वयोमर्यादा एकोणपन्नास वर्षांची ठेवली गेली. ज्या वयात पाळी जाते त्याच वयात स्त्री मोजणीतून जाते. सुश्रुताचे पन्नास आणि पाहणीचे एकोणपन्नास यांत अंतर एका वर्षाचे. पण सुश्रुताने त्या मर्यादेवर एक अवस्था पाहिली, पाहणीने केवळ आपल्या प्रश्नावलीचा शेवट पाहिला.

जुन्या काळी स्त्रिया या वयापर्यंत जगतच नव्हत्या, म्हणून शब्द नाही, असा युक्तिवाद कधीकधी केला जातो. १९११ ते १९२१ या दशकात, इन्फ्लुएंझाच्या साथीमुळे, भारतीयांचे जन्मवेळचे सरासरी आयुर्मान वीस वर्षांच्या आसपास होते हे खरे. पण ही सरासरी मुख्यतः बालमृत्यूंमुळे खाली आलेली असते. वीस वर्षे ओलांडलेल्या कित्येक स्त्रिया पन्नाशी पाहत, नातवंडे सांभाळीत. प्रत्येक वाड्यात आजी होती. शब्द नव्हता तो बोलणे नव्हते म्हणून.

मराठीत हे बोलणे छापील रूपात आणण्याचे श्रेय विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील नियतकालिकांना द्यावे लागते. र. धों. कर्वे यांचे 'समाजस्वास्थ्य' जुलै १९२७ मध्ये सुरू झाले व १९५३ साली त्यांच्या मृत्यूपर्यंत चालले. त्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उघड उत्तरे दिली जात. त्यावरून १९३४ साली खटला झाला तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कर्व्यांचे वकीलपत्र घेतले. १९३० साली सुरू झालेल्या किर्लोस्करांच्या 'स्त्री' मासिकाने मध्यमवर्गीय स्त्रीला स्वतःच्या आयुष्यावर विचार करण्याची जागा दिली. ज्या समाजात देहाचा प्रश्न विचारणे हाच गुन्हा ठरू शकत होता, तेथे चाळिशीनंतरच्या देहाचा प्रश्न उशिरा पोहोचावा, यात आश्चर्य नाही.

६

'चाळिशी' या शब्दाचा येथे स्वतंत्र विचार करावा लागतो. मराठीत चाळिशी म्हणजे वय, आणि चाळिशी म्हणजे चष्मा. मध्यमवयाचे नाव भाषेने डोळ्यावरून ठेवले, कारण डोळ्यांचा बदल पुरुषालाही होतो आणि तो चारचौघांत सांगता येतो. स्त्रीच्या बदलाची चिन्हे मात्र विखुरलेल्या तक्रारींत राहिली : अंगातून वाफा निघतात, कानशिले तापतात, एकाएकी घाम फुटतो, रात्री झोप उडते, जीव घाबरा होतो, हाडे दुखतात, उगीच चीड येते. या प्रत्येक तक्रारीला घरगुती उत्तर होते. उष्णता झाली म्हणून आमसुलाचे सार, सब्जा, गुलकंद. घाबरले म्हणून दृष्ट काढणे. चीड आली म्हणून स्वभावाला दोष. पण या साऱ्या तक्रारी एकाच कारणाच्या आहेत, हे सांगणारा शब्द नसल्याने त्यांची माळ ओवली गेली नाही.

या संदर्भात दोन संशोधनांचे स्मरण उपयुक्त ठरते. मार्शा फ्लिंट यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात राजस्थान व हिमाचल प्रदेशातील ४८३ राजपूत स्त्रियांच्या मुलाखतींवरून असे मांडले की पाळी थांबण्यापलीकडे फारच थोड्या स्त्रियांनी त्रास सांगितला. पडद्यातून सुटून पुरुषमंडळींत बसण्याची मोकळीक मिळाल्याने त्यांना ही अवस्था बक्षिसासारखी वाटली. मार्गारेट लॉक यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात जपानी स्त्रियांविषयी दाखविले की या काळासाठी 'कोनेंकी' असा व्यापक शब्द तेथे असला तरी अंगातून उसळणाऱ्या वाफेसाठी स्वतंत्र रूढ शब्द नाही, आणि तशा तक्रारीही पाश्चात्त्य स्त्रियांच्या मानाने कमी आढळल्या. या निष्कर्षांतून प्रतिष्ठेचा व त्रासाचा संबंध सूचित होतो आणि त्याचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु भाषेच्या अभ्यासकाने त्यासोबत एक शंका जवळ बाळगली पाहिजे. ज्या त्रासाला नाव नाही तो प्रश्नाच्या उत्तरात येत नाही. 'त्रास नाही' आणि 'त्रासाचा शब्द नाही' ही दोन विधाने मुलाखतीच्या कागदावर सारखीच दिसतात.

पश्चिमेत याच्या उलट टोकाचा अनुभव आला. १९२९ साली स्त्रीबीजकोशातील संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले, १९४० नंतरच्या दशकात त्याची औषधे बाजारात आली, आणि १९६६ साली रॉबर्ट विल्सन या अमेरिकन वैद्याने निवृत्ती हा औषधाने भरून काढावयाचा अभाव आहे असे प्रतिपादन करणारे पुस्तक लिहिले. २००२ साली सोळा हजारांहून अधिक स्त्रियांवरील एका अमेरिकी चाचणीत स्तनांचा कर्करोग व हृदयविकार यांचा वाढीव धोका दिसल्याने तो भाग मुदतीआधी थांबवावा लागला. पुढील विश्लेषणांत धोका वयावर व औषध केव्हा सुरू केले यावर अवलंबून असल्याचे दिसून आले. एकीकडे अतिबोलणे, दुसरीकडे मौन. मराठी स्त्रीच्या वाट्याला दुसरे आले.

७

या मौनाची किंमत दोन ठिकाणी स्पष्ट दिसते. पहिले ठिकाण गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे. ग्रामीण मराठीत गर्भाशयाला 'पिशवी' म्हणतात. पिशवी ही रिकामी झाली की टाकून देण्याची वस्तू. शब्दानेच अर्धा निर्णय केलेला असतो. राष्ट्रीय पाहणीनुसार पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या सुमारे तीन टक्के भारतीय स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांविषयी २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. तेथील कारणे मुख्यतः मजुरीची, खाड्याच्या दंडाची व खासगी दवाखान्यांच्या अर्थकारणाची आहेत, आणि बीडचा दाखला पेण-रोह्यास जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी एक गोष्ट सर्वत्र सारखी आहे. गर्भाशयासोबत स्त्रीबीजकोशही काढले तर निवृत्ती त्याच दिवशी येते आणि हाडांची झीज वयाआधी सुरू होते. जिच्या भाषेत निवृत्तीला 'कटकट गेली' यापलीकडे नाव नाही, तिला हे विचारण्यासही शब्द सापडत नाही.

दुसरे ठिकाण याहून सूक्ष्म आहे. पाळी थांबून वर्ष लोटल्यावर पुन्हा रक्त दिसले तर वैद्यकाच्या दृष्टीने ती तपासणी करण्याची बाब ठरते, कारण त्यामागे गर्भाशयाच्या कर्करोगासारखे कारण असू शकते. घरच्या बोलण्यात मात्र 'पाळी परत आली' असे म्हटले जाते. 'जाणे' या क्रियापदाचा जोडीदार 'येणे' हा आहे. जे गेले ते परत येऊ शकते, असे व्याकरणच सुचविते. त्यामुळे धोक्याच्या चिन्हाला ओळखीच्या पाहुण्याचे रूप येते, ऋषिपंचमीचे उद्यापन करून बसलेल्या बाईला ते सांगण्याची लाज वाटते, आणि महिने निघून जातात.

मध्यमवयीन स्त्रीने या अवस्थेला तोंड दिले ते बहुधा कामाच्या व मानाच्या आधाराने. पुण्याच्या १९०९ च्या सेवासदनाने किंवा धोंडो केशव कर्वे यांच्या हिंगण्याच्या संस्थेने प्रौढ व विधवा स्त्रियांना शिक्षणाची, परिचर्येची व अध्यापनाची वाट दाखविली. कोकणात तर घरधनी मुंबईस, आणि शेत, गोठा, सासूसासरे, देवधर्म हे सारे पोक्त बाईच्या अंगावर, ही रीत धरमतरच्या आगबोटीच्या काळापासून १९८६ साली रोह्यास रेल्वे पोहोचेपर्यंत आणि नंतरही चालत आली. हा आधार मोठा होता. परंतु तो शरीरज्ञानाची जागा घेऊ शकत नव्हता. खारेपाटातील सुकट, डोंगरकडची नाचणी यांत हाडांना लागणारा चुना भरपूर असतो, हे अन्न परंपरेने पुरविले; त्याची गरज या वयात वाढते, हे ज्ञान तिने पुरविले नाही.

८

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. ऋतुसमाप्तीला मराठी समाजात सामाजिक स्थान होते, पण ते नियमातून सुटलेल्या बाईचे होते, देहाच्या संक्रमणातून जाणाऱ्या बाईचे नव्हते. दुसरे, बोलींचे सर्वेक्षण, वैद्यकीय सेवा व लोकसंख्येची मोजणी या तीनही आधुनिक साधनांनी निरनिराळ्या कारणांनी हीच मर्यादा पुढे चालविली. तिसरे, 'रजोनिवृत्ती' हा शब्द आला तरी त्याभोवतीचे बोलणे आलेले नाही.

पेण-रोह्यासारख्या परिसरात अद्याप आगरी, कोळी, कातकरी व कोकणी मुसलमान घरांतील साठी-सत्तरीच्या स्त्रियांकडून या अवस्थेचे शब्द ऐकता येतील. ते संकलन स्त्री-अभ्यासकांनी, घराच्या आतल्या पडवीत बसून, उधळ्या पुत्राच्या दाखल्याऐवजी त्यांच्याच आयुष्याच्या क्रमाने विचारीत केले पाहिजे. आणि मिळालेले शब्द कोशाबरोबरच तालुक्याच्या आरोग्यसेविकेच्या हातीही दिले पाहिजेत. 'पाळी परत आली' असे एखाद्या पोक्त बाईने सांगितले, तर ऐकणारीने ते शब्द आनंदाने किंवा लाजेने न ऐकता त्याच आठवड्यात तिला दवाखान्यात न्यावे, इतका बदल झाला तरी या शब्देतिहासाचे प्रयोजन साधले असे म्हणावयास हरकत नाही.